तानुबाई बसत नाही

तानुबाईला कोणी शिवी दिली असती तर तिनं दोन परत दिल्या असत्या आणि विषय संपला असता. पण कोणी 'बसा' म्हटलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

हे सुरू झालं दिवाळीच्या आधी. मळ्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, येताना ओल्या मातीत तिचा पाय घसरला आणि ती उजव्या गुडघ्यावर आपटली. गुडघा टम्म सुजला. हळदीचा लेप झाला, मोताळ्याच्या डॉक्टरची सुई झाली, आणि थोड्या दिवसांत बाई पुन्हा खुरपं घेऊन मळ्यात हजर. तिच्या लेखी प्रकरण मिटलं होतं, पण घरच्यांच्या डोक्यातून ते पडणं काही जाईना. कळशीला हात लावला की सून मंजुश्री धावत यायची, "आई, तुम्ही बसा." सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायला घेतल्या की शेजारीण म्हणायची, "बसा ना माय आता, किती करसान?" एवढंच काय, एसटीतला कंडक्टरसुद्धा म्हणायचा, "मावशी, बसून घ्या." त्याचं ते कामच होतं म्हणा, पण तानुबाईनं त्यालाही सोडलं नाही. बुलढाण्यापर्यंत उभी राहून गेली.

घरचं बाकीचं वावर कपाशी-सोयाबीनचं. ते मुलगा गोपाल बघायचा. विहिरीजवळचा तुकडा तेवढा तिचा. वांगी, मेथी, पालक, सांबार, बांधावर चार झेंडूची झाडं. नवरा इंद्रभान होता तेव्हापासून त्या मळ्यात काय लावायचं हे तिनंच ठरवलेलं. आठवडी बाजारात तिची जागा ठरलेली, गिऱ्हाईक ठरलेलं, आणि भाव तर ती सांगेल तोच. इंद्रभान गेला, छकुली लग्न होऊन परदेशी गेली, गोपाल त्याच्या संसारात रमला. आता सगळ्या जगात तिचं ऐकणारा तो मळाच काय तो उरला होता.

आणि गोपालनं तो कारभारीला ठोक्यानं द्यायचं ठरवलं. वर्षभर पीक कारभारीनं घ्यायचं, हिनं ओट्यावर बसून बघायचं. कारभारी त्यांच्याच भावकीतला, कष्टाळू माणूस, त्याच्याबद्दल तक्रार नव्हती. पण त्यानं तिथं मिरची लावली काय आणि मोती पेरले काय, तिला त्याचं काय?

गोपाल वाईट मुलगा नव्हता. भित्रा होता. आणि भित्रा माणूस प्रेम करायला लागला की समोरच्याचा श्वास कोंडतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

हे भांडण चाललेलं असतानाच छकुलीचा फोन आला. छकुलीचं कागदावरचं नाव अपेक्षा, पण ते कागदावरच राहिलं. जावई झांबियात, लुसाकाजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता. तीन वर्षं झाली होती दोघांना तिकडे जाऊन. छकुली म्हणाली, "आई, एकदा माहं घर पाहून जाय. मी रांधलेलं एकदा तरी जेव माह्या घरात." फोन ठेवल्यावर तानुबाई पदरानं डोळे पुसत बसली, आणि पुसून झाल्यावर म्हणाली, "मी जाईन."

"जाशीन, पण नेईन कोण?" गोपाल म्हणाला. "गहू ओलिताचा हाय. मले निघता येत नाही."

"कोणी कायले पाहिजे? एकटी जाईन."

"एकटी? माय, तुले बुलढाण्याच्या स्टॅंडवर मोताळ्याची गाडी सापडत नाही!"

"सापडत नाही काऊन? त्या दिवशी पाटीच दुसरी लागली होती."

मंजुश्री हसली. हसायला नको होतं तिनं. तानुबाई उभी राहिली, कमरेला पदर खोचला, आणि घरच्यांना कळलं की आता काहीतरी ठरणार.

"आयक गोपाल. मी एकटी लुसाकाले पोचून दाखवली, तं मळ्याचं नाव काढाचं नाही. पुन्हा कधीच."

"अन् कोठी पडली-झडली, तं?"

"तं दे कारभारीले. मी तोंडातून शबूद काढणार नाही."

गोपालनं मान डोलावली. लुसाकापर्यंतचा सगळा प्रवास तो ज्या गोष्टीवर सोडणार होता, ती गोष्ट तेव्हाच त्याच्या डोक्यात आली असावी. पण त्यानं ती आईला सांगितली नाही.

मलकापूरहून रेल्वेनं तो तिला मुंबईला घेऊन गेला आणि विमानतळाच्या दारापर्यंत पोचवलं. तिथून पुढं त्याला सोडत नव्हते. तो वाकून पाया पडला, आणि उठताना त्यानं नजर चुकवली. तानुबाईला वाटलं, लेकरू कासावीस झालं. तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला आणि पासपोर्ट दाखवून ताठ मानेनं आत शिरली.

काउंटरवर तिकीट दाखवलं, मोठी पेटी आत गेली, आणि बाजूला एक मिशीवाला माणूस चाकाची खुर्ची घेऊन उभा राहिला.

"तानुबाई इंद्रभान? बसा आजी."

तानुबाईनं आधी मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं.

"कोणाले म्हणता?"

"तुम्हालाच. तिकिटावर आहे, खुर्ची पाहिजे म्हणून. घरच्यांनी सांगितलेलं असतं. आता सगळेच सांगतात आजी. म्हाताऱ्या माणसाला भाषा येत नाही, वाट सापडत नाही. खुर्ची सांगितली की आमचा माणूस थेट विमानाच्या दारात नेऊन सोडतो. तुमची चिंता नाही, घरच्यांची चिंता नाही."

खरंच, ही युक्ती आता गावोगाव झाली आहे. ज्यांची मुलं दुबईला, नैरोबीला, अमेरिकेला आहेत, ते आईबापांचं तिकीट काढताना हळूच खुर्चीवर खूण करतात. मग शेतात दिवसभर वाकणाऱ्या बाया आणि रोज सकाळी फिरायला जाणारे गृहस्थ विमानतळावर आले की एकाएकी लंगडे होतात. कोणाला त्यात वावगं वाटत नाही. तानुबाईला वाटलं. गोपालनं नजर का चुकवली ते तिला आत्ता कळलं, आणि तिचे कान गरम झाले. म्हणजे पोरानं पैज लावली आणि पैजेआधीच तिला बसवूनही टाकलं!

"मी काय मयत हाय का, मले उचलून न्याले?"

"आजी, तुम्ही चालत आलात तर मला वरून बोलणी बसतात."

"मंग रिकामी नको नेऊ. हे बसव."

तिनं खांद्याची पिशवी खुर्चीत ठेवली. पिशवीत छकुलीसाठी कुरड्या आणि पापड होते. तर अशा रीतीनं कुरड्या खुर्चीत बसून ऐटीत निघाल्या आणि मागून मिशीवाला, आणि त्याच्याही मागून तानुबाई, पदर खोचून. लोक बघत होते. बघू देत. तिनं गोपालला फोन करायचं मनात आणलं होतं, पण फोन केला तर तो काय म्हणेल ते तिला माहीत होतं. तिनं फोन पिशवीच्या तळाशी टाकून दिला. राग लुसाकाला पोचल्यावर काढायचा, तोवर सांभाळून ठेवायचा.

विमानाच्या दाराशी म्हाताऱ्यांच्या खुर्च्यांची रांगच लागलेली होती. एक सफारीवाले काका खुर्चीतून उठून दोनदा चहा घेऊन आले आणि पुन्हा खुर्चीत बसून दमल्यासारखा चेहरा करू लागले. त्यांच्या शेजारी नऊवारीतली एक बाई होती, कपाळावर गोंदण. मराठी वाटली. तानुबाईचा राग कोणावर तरी निघणारच होता, तो तिच्यावर निघाला.

"बाई, पाय हायेत ना तुम्हाले? मंग काऊन बसल्या?"

बाईनं वर पाहिलं. "एक हाये. दुसरा नुसता लोंबतोय." तिनं उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला, एखादं गाठोडं ठेवावं तसा. "लकवा मारला दोन सालाखाली. तुम्हाला खुर्ची पाहिजे व्हती का?"

तानुबाईला तोंड लपवायला जागा सापडेना. माफी मागायची तिला सवय नव्हती. "नाही, बसा तुम्ही," एवढंच ती पुटपुटली, आणि हा शब्द आपल्या तोंडून गेला म्हणून स्वतःवरच चिडली.

बाईचं नाव मंजुळाबाई. गाव देऊळगाव राजा. बोली थोडी जालन्याकडची, पण जिल्हा एकच, त्यामुळे विमानात शेजारी जागा मिळाली तेव्हा दोघींना बहीण भेटल्यासारखं झालं. मंजुळाबाई खिडकीशी, तानुबाई वाटेच्या बाजूला. लकव्याआधी मंजुळाबाईही आठवडी बाजारात माल विकायची. मंजुळाबाईचा धाकटा लुसाकाला दुकान चालवायचा. "सहा महिने थोरल्याकडं, सहा महिने धाकट्याकडं," ती हसत म्हणाली. "वावराची वाटणी झाली, तशी माझीबी झाली." तानुबाईला हसू आलं नाही.

विमान धावू लागलं, मग जमीन सुटली. तानुबाईच्या कानात दडे बसले. तिनं खुर्चीचा हात असा घट्ट धरला, जसं काही विमान तिनंच वर उचलायचं होतं. मग ते ढगांच्या वर आलं आणि एकदम सगळं शांत झालं. मंजुळाबाईच्या डोक्यावरून तिनं बाहेर पाहिलं. खाली समुद्र, नुसता समुद्र. एवढं पाणी आणि पेरायला कुठंच जागा नाही! तरी तिला मनातून फार भारी वाटलं. इंद्रभाननं तिला शेगावच्या पुढं कधी नेलं नव्हतं. आता कोणी न नेता ती इथवर आली होती.

जेवण आलं. चांदीच्या कागदाखाली पिवळा भात, शेजारी एक कडक पाव. मंजुळाबाई एका हातानं कागदाशी झटत होती. तानुबाईनं हात पुढं केला आणि तिचा डबा उघडून दिला.

"कशाला उघडलात?" मंजुळाबाईचा आवाज बदलला. "एका हातानं येतं मला. मागितला असता तर द्यायचा हात."

तानुबाईनं हात मागं घेतला. मंजुश्री कळशी हिसकावून घेते तेव्हा आपला आवाज असाच होतो, हे तिला ओळखीचं वाटलं. ती भात चिवडत राहिली. मग म्हणाली, "चुकली माही." तिनं आयुष्यात असं किती वेळा म्हटलं असेल, ते मोजायला एका हाताची बोटं पुरली असती.

तास गेले. बसून बसून गुडघा आखडला. तानुबाई उठली आणि वाटेत फेऱ्या मारू लागली. पुढं पडद्यापर्यंत, मागं संडासापर्यंत. तेवढ्यात घंटी वाजली, वर दिवा लागला आणि विमानातली पोरगी लगबगीनं आली. ती हसून इंग्रजीत काहीतरी बोलली आणि हातानं खूण केली. खूण जगात सगळीकडं सारखीच असते. बसा!

आभाळातसुद्धा! तानुबाईनं न कळल्यासारखं केलं आणि अजून एक फेरी मारायला वळली.

विमान तेव्हाच खाली गेलं. नुसतं गेलं, पायाखालचं फळकूट कोणी काढून घ्यावं तसं, आणि लगेच वर आलं. तानुबाई वर उडाली, आडवी झाली आणि गुडघ्यावर आपटली. त्याच गुडघ्यावर. डोळ्यांपुढं काजवे चमकले. दोन माणसांनी आणि त्या पोरीनं तिला उचलून जागेवर आणलं, पट्टा बांधला. विमान बराच वेळ वरखाली होत राहिलं. मागं कोणी देवाचं नाव घेत होतं, कोणाचं लेकरू रडत होतं. तानुबाईला विमान पडण्याची भीती नव्हती. ती पडली, ह्याची होती.

"पडलात?" मंजुळाबाईनं विचारलं.

"नाही. जरा खाली बसली."

मंजुळाबाईनं आपली पातळ चादर घडी करून तानुबाईच्या गुडघ्याखाली सरकवली, आणि सरकवण्याआधी विचारलं, "ठेवू का?"

मधल्या विमानतळावर विमान बदलायचं होतं. त्या गावाचं नाव तानुबाईच्या जिभेवर शेवटपर्यंत बसलं नाही. आधी सगळे उतरले, मग खुर्चीवाल्यांना उतरवलं आणि दाराबाहेरच्या बोळकंडीत उभं केलं. खुर्च्या आल्या, पण माणसं जास्त आणि खुर्च्या कमी. मुंबईत दोनदा चहा आणणारे सफारीवाले काका झपाझप चालत पुढं झाले आणि पहिल्या खुर्चीत बसले. ज्यांचे पाय चांगले होते त्यांना खुर्च्या आधी मिळाल्या, कारण ते खुर्चीपर्यंत चालत जाऊ शकत होते. मंजुळाबाई भिंतीला टेकून एका पायावर उभी राहिली.

शेवटची एक खुर्ची आली. ती आणणारा उंच, गंभीर माणूस हातातल्या फोनवर नाव वाचत होता. "ता-नू-बाई?" त्यानं घड्याळाकडं बोट दाखवलं आणि हात पुढं केला. "लुसाका. गो, गो."

तानुबाईचा गुडघा आता भोपळ्यासारखा झाला होता. पाय टेकला की कळ थेट कमरेपर्यंत जात होती. आणि समोर खुर्ची होती, तिच्याच नावाची. बसली असती तर कोणाला कळणार होतं? गोपाल इथं नव्हता, मंजुश्री नव्हती, कारभारी नव्हता. तिच्या गावचं कुत्रंसुद्धा इथं नव्हतं. लुसाकाला पोचून ती सांगू शकली असती, आली मी एकटी, आणि मळा तिचा राहिला असता. तिला बसावंसं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, मनापासून, बसावंसं वाटलं.

तिनं मंजुळाबाईकडं पाहिलं. मंजुळाबाई मुद्दाम दुसरीकडं बघत होती.

"बाई, बसता का?" तानुबाईनं विचारलं.

"तुमच्या नावाची हाये. तुमचा गुडघा गेलाय, दिसतंय मला. तुम्ही बसा, माझ्यासाठी येईल दुसरी."

"विमान गेल्यावर येईन. बसता का, ते सांगा. नाही म्हटलं तं मी जबरदस्ती करणार नाही. पण मले बी धराले काहीतरी लागते. तुम्ही बसल्या, तं मले मागून दांडा धरता येईन."

मंजुळाबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. ही दया नव्हती, सौदा होता. दोघीही आठवडी बाजाराच्या बाया, सौदा दोघींना कळत होता. मंजुळाबाई बसली.

उंच माणसानं हात मध्ये घातला. "नो, मॅडम, नो. यू सिट."

"मी नाही बसत," तानुबाई खणखणीत मराठीत म्हणाली. "तू वाट दाखव. पुढं हो."

तिनं दोन्ही दांडे पकडले, अंगाचा भार त्यांवर टाकला आणि खुर्ची ढकलली. चाकं फिरली. भार हातांवर आला आणि गुडघा थोडा हलका झाला. तो माणूस दोनदा काहीतरी बोलला, मग तिच्या चेहऱ्याकडं पाहून मुकाट्यानं पुढं चालू लागला. वाट लांबलचक होती. दुकानं, आरसे, अत्तराचे वास, उंच उंच माणसं, सरकते जिने. लंगडत, दात चावून, घामाघूम होत तानुबाई खुर्ची ढकलत होती आणि तोंडानं गोपालचा उद्धार करत होती. मंजुळाबाई मध्येच म्हणाली, "थांबायचं का जरा?" तर म्हणे, "थांबली तं पुन्हा निघणार नाही. बोलत राहा काहीतरी." मग मंजुळाबाईनं देऊळगावच्या बालाजीच्या जत्रेत तिचा नवरा कसा हरवला होता ते सांगितलं, आणि ऐकता ऐकता तानुबाईला एवढं हसू आलं की खुर्ची एका खांबावर जाता जाता राहिली. विमानाचं दार लागायच्या बेतात होतं. उंच माणसानं हात वर करून ओरडून ते थांबवलं. दोघींना आत सोडताना त्यानं तानुबाईला कपाळाला हात लावून सलाम केला. तिनंही त्याला केला.

दुसऱ्या विमानात ती झोपली. विमान वर गेलं का खाली आलं, तिला पत्ता नव्हता.

लुसाकाला बाहेरच्या दाराशी छकुली उभी होती. भावानं सांगून ठेवलं होतं, आई खुर्चीत येईल. त्यामुळे ती खुर्च्या बघत होती. एक खुर्ची आली, तिच्यात कपाळावर गोंदण असलेली अनोळखी बाई. छकुलीची नजर पुढच्या खुर्चीकडं गेली, आणि मग झटकन मागं आली. खुर्चीच्या मागं दांडे धरून, केस विस्कटलेली, लंगडणारी तिची आई होती.

"आई! तू काऊन ढकलून राह्यली?"

"मंग काय कुरड्या ढकलतीन?" असं म्हणून तानुबाईनं लेकीला मिठी मारली आणि मग दोघी तिथंच, वाटेच्या मधोमध, हमसून हमसून रडल्या. मंजुळाबाईचा मुलगा आला आणि तिला घेऊन गेला. जाताना मंजुळाबाईनं चांगल्या हातानं तानुबाईचा हात दाबला. बोलण्यासारखं होतं ते वाटेतच बोलून झालं होतं.

घरी पोचल्यावर छकुलीनं गुडघ्यावर बर्फ ठेवला. "हे कधी झालं?" तिनं विचारलं. तानुबाईनं सगळं सांगितलं. तेवढ्यात फोन वाजला. गोपालचा. पैजेची गोष्ट छकुलीला माहीत होती. तिनं फोन हातात देण्याआधी आईच्या कानाशी लागून म्हटलं, "पडली ते सांगू नको. त्याले काय कळते? मळा जाईन तुहा."

पडद्यावर गोपालचा चेहरा आला, झोप नसलेला. "पोचली माय? कशी हायेस? खुर्ची भेटली होती ना?"

"भेटली. दुसरीले दिली. मी मागून ढकलली."

"म्हणजे? अन् पाय? दुखला नाही ना? काही झालं तं नाही ना?"

छकुली मान हलवून नको, नको म्हणत होती. खोटं बोलणं अगदी सोपं होतं. एक शब्द, आणि विहिरीजवळचा तुकडा कायमचा तिचा. पण तानुबाईनं इतका वेळ जो राग सांभाळून आणला होता, तो आता बाहेर येत होता आणि त्या रागाला खोटं चालत नव्हतं.

"पडली," ती म्हणाली. "विमानात, चांगली आपटली. त्याच गुडघ्यावर. अन् उठली बी. अन् तेवढा पाय घेऊन एका बाईले तिच्या विमानापर्यंत नेलं. तू खुर्ची सांगितली, मले न सांगता. पैज लावली तं धीर धराचा होता ना बे! मले बसवाचं होतं तं तोंडावर सांगाचं होतं. मी पडणारच हाय गोपाल. विमानात पडली, मळ्यात पडन, घरात बी पडन. पडन म्हणून काय आताच आडवी होऊ?"

पडद्यावर गोपालनं मान खाली घातली.

"माय," गोपाल म्हणाला. "तू त्या दिवशी धुऱ्यावर पडली, मी पलीकडच्या वावरात फवारून राह्यलो होतो. पंप चालू होता. तू आवाज देत असशीन, मले आयकूच आलं नाही. मंग पाहतो तं तू चिखलात... मले ते डोळ्यापुढून जात नाही, माय."

हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं. तानुबाईचा राग कुठल्या कुठं गेला असं मात्र नाही. राग होताच. पण आता त्या रागाच्या शेजारी चिखलात उभा असलेला, घाबरलेला तिचा पोरगाही होता.

"आवाज दिला नोता मी," ती हळू आवाजात म्हणाली. "तुले बोलवाचं नोतं मले. माहं मी उठत होती. तेवढ्यात तू आला."

गोपालनं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. मागं मंजुश्री उभी होती, तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पैजेच्या बोलीप्रमाणे तो जिंकला होता. तसं म्हणायला त्यानं तोंड उघडलंही असेल, पण फोनमध्ये त्याची आई होती, गुडघ्यावर बर्फ घेऊन, ताठ मानेनं त्याच्याकडं बघत. शेवटी तो म्हणाला, "मळ्यात आता वांग्याची रोपं कोणती लावू? काटेरी का बिनकाट्याची?"

छकुलीनं तोंडावर हात घेतला. तानुबाईनं गुडघ्यावरचा बर्फ बाजूला केला आणि फोन तोंडाजवळ धरला.

"तू काही लावू नको. वाफे करून ठेव फक्त. मी येते, लावते माह्या हातानं."